बेडकांच्या वाटेवर शहरी पावले

नवी मुंबई, खास प्रतिनिधी

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की नवी मुंबईतील निसर्गप्रेमी गटांच्या भ्रमणध्वनींवर एका ठराविक साच्याचा निरोप फिरू लागतो. शनिवारी रात्री साप आणि बेडूक पाहण्यासाठी सहल, जमण्याचे ठिकाण पनवेल किंवा खारघर रेल्वे स्थानक, सोबत विजेरी, पावसाळी बूट, रेनकोट, जागा मर्यादित. पूर्वी अशा भटकंतीला येणारे म्हणजे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, एखाद-दुसरा सर्पमित्र आणि महागडा कॅमेरा बाळगणारे दोघे-तिघे हौशी छायाचित्रकार. आता त्यांत आयटी कंपन्यांतील जोडपी, शाळकरी मुलांना घेऊन आलेले पालक, निवृत्त बँक अधिकारी असे सगळेच दिसतात. इंग्रजीत या छंदाला 'हर्पिंग' म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळू पाहतो आहे.

साप दिसला की काठी शोधणारा समाज त्याच सापाच्या दर्शनासाठी पैसे मोजून रात्र जागवतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या जिवांना पाहण्यासाठी ही गर्दी लोटते आहे, ते वाघासारखे दुरून पाहण्याचे प्राणी नाहीत. ते तळहाताएवढे, कित्येकदा नखाएवढे असतात. दगडाखाली, पाचोळ्यात, डबक्याच्या काठावर राहतात. त्यांना पाहायचे तर त्यांच्या घरातच पाय टाकावा लागतो. वीस माणसांचा गट रात्री एखाद्या ओढ्याच्या काठाने फिरून गेल्यावर त्या काठाचे काय होते, याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या दप्तरी नाही.

नवी मुंबईकरांच्या हाताशी असलेला हा खजिना मोठा आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले आणि २००३ मध्ये विस्तारून सुमारे १२ चौरस किलोमीटरचे झाले. नाव पक्ष्यांचे असले तरी पावसाळ्यात तेथील ओढे बेडकांच्या ताब्यात असतात. खारघरचे डोंगर, बेलापूरची टेकडी, पारसिकची रांग, उरण-पनवेल पट्ट्यातील उरलीसुरली भातखाचरे हीसुद्धा तशीच ठिकाणे. पहिल्या मोठ्या पावसात लिंबासारखा पिवळाजर्द होणारा आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडणारा बुलफ्रॉग शेताच्या बांधावर दिसतो. भेक तर सोसायटीच्या आवारातही सापडतो. दिवड, धामण, गवत्या, हरणटोळ, कवड्या, तस्कर हे बिनविषारी वा माणसाला फारसे धोकादायक नसलेले साप, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप या परिसराला नवे नाहीत. झाडीत हिरव्या रंगाचा चापडाही असतो. सह्याद्रीतील ओढ्यांकाठी आढळणाऱ्या 'बॉम्बे नाइट फ्रॉग' या बेडकाच्या मीलनाची आजवर अज्ञात असलेली पद्धत शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जगासमोर मांडली, तेव्हा मुंबईच्या दाराशी काय काय दडले आहे याची चुणूक सर्वांनाच मिळाली.

या बेडकाचे शास्त्रीय नाव 'निक्टिबॅट्राकस हुमायुनी'. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ निसर्ग अभ्यासक हुमायुन अब्दुलअली यांच्या नावावरून ठेवले गेले. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात थांबावी म्हणून ज्यांनी चिकाटीने आवाज उठवला, त्यांत अब्दुलअली अग्रभागी होते. भातशेतीतील किडे फस्त करणारा बेडूक युरोप-अमेरिकेतील ताटांसाठी पाठवायचा आणि मग किडीवर औषधे फवारायची, हा उफराटा व्यवहार अखेर १९८७ मध्ये भारताने बंद केला. बेडकाचे हित आणि शेतकऱ्याचे हित एकच आहे, हा मुद्दा तेव्हा सरकारच्या गळी उतरवता आला. आज असा सोपा मुद्दा हाताशी नाही. बेडकाला कुणी निर्यात करीत नाही. त्याच्या घरावर फक्त भराव पडतो. गोव्यात 'जम्पिंग चिकन' या नावाखाली पावसाळ्यात बेडूक चोरून खाल्ले जातात ते वेगळेच.

या सहलींविषयी कायदा काय सांगतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या सर्वसामान्यांना वाटते त्याहून बरीच व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. त्याला पकडणे, सापळ्यात अडकवणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हेही शिकारीत मोडते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना धक्का लावणेसुद्धा त्यातच येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने नाग, घोणस, धामण यांसारख्या नेहमीच्या सापांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत नेऊन बसवले. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. म्हणजे सहलीच्या म्होरक्याने धामण शेपटीला धरून उचलली आणि मुलांच्या हातात दिली, तर कायद्याच्या अक्षरानुसार तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. प्रत्यक्षात अशी छायाचित्रे समाजमाध्यमांवर राजरोस झळकतात आणि त्यांवर कौतुकाचा वर्षाव होतो.

अभयारण्यात शिरण्यासाठी परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन यांसाठी तो देण्याची तरतूदही कायद्यात आहे. राखीव वनात अनधिकृत प्रवेशाला १९२७ च्या वन कायद्याने मज्जाव आहे. पण भातखाचर, सिडकोचा मोकळा भूखंड, बंद पडलेली दगडखाण, गावठाणामागचा ओढा येथे यांपैकी एकही नियम लागू होत नाही, आणि बेडूक नेमके तेथेच आहेत. परिणामी, अभयारण्याच्या दारात परवान्याची अडचण आली की सहल शेजारच्या नाल्यावर सरकते. नियम जेवढे कडक, तेवढी गर्दी नियम नसलेल्या जागी, असा हा विचित्र न्याय आहे.

बंदी हा त्यावरचा सरकारी यंत्रणेचा आवडता उपाय. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या डोंगरातून येणाऱ्या ओढ्यात चार महाविद्यालयीन तरुणी वाहून गेल्या. त्यापूर्वीही पांडवकडा धबधब्याने अनेक बळी घेतले होते. त्यामुळे पावसाळ्यात या परिसरात जाण्यावर निर्बंध घातले जातात आणि ते योग्यच आहेत. मात्र माणसांच्या जिवासाठी घातलेली बंदी आणि बेडकांच्या जिवासाठी हवे असलेले नियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी आपोआप साधते, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही.

गर्दीने काय होऊ शकते, याचे उदाहरण केरळमधून समोर आले आहे. काळ्या अंगावर आकाशातील नक्षत्रांसारखे ठिपके असलेला 'गॅलेक्सी फ्रॉग' हा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातच आढळणारा, कुजक्या ओंडक्यांखाली राहणारा चिमुकला बेडूक. एका ओंडक्याखाली संशोधकांना असे सात बेडूक आढळले होते. करोनाच्या टाळेबंदीनंतर ते पुन्हा तेथे पोहोचले, तेव्हा ओंडके उलथेपालथे झालेले होते, झुडपे तुडवलेली होती आणि बेडकांचा पत्ता नव्हता. छायाचित्रकारांचे गट तेथे येऊन गेले, चांगल्या चित्रासाठी त्यांनी बेडूक हाताळले आणि त्यांत काही दगावले, अशी माहिती स्थानिक वाटाड्याकडून मिळाल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधकांच्या टिपणात नमूद आहे. या जिवावर प्रेम करणाऱ्यांनीच त्याचे घर मोडले. येथे तस्करीचा वा लाकूडतोडीचा काहीच संबंध नव्हता.

महाराष्ट्रात ही शक्यता सर्वाधिक आहे ती आंबोलीत. मुंबई-नवी मुंबईतील गटांची पावसाळी पंढरी म्हणजे सिंधुदुर्गातील हे गाव. 'आंबोली टोड' या छोट्या भेकाची शास्त्रीय ओळख २००९ मध्ये झाली. तो आंबोली परिसर सोडून अन्यत्र जवळपास कोठेच आढळत नाही. पहिल्या सरींबरोबर जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर पाणी साचते, आणि त्या बोटभर खोल खळग्यांत त्याची मादी अंडी घालते. दिवसा त्याच सड्यावर पर्यटकांच्या मोटारी उभ्या राहतात. रात्री विजेऱ्या घेऊन गट फिरतात. खळग्यात पडलेला बुटाचा ठसा ही आपल्या दृष्टीने क्षुल्लक बाब. त्या पिढीच्या दृष्टीने ती अखेर असू शकते. याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशासाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. माशाला मिळाले ते बेडकाला का मिळू नये, हा प्रश्न अप्रस्तुत नाही.

सहलीला जाणारी वाहने हा आणखी एक दुर्लक्षित भाग. पावसाळी रात्री बेडूक रस्ता ओलांडतात आणि साप उबेसाठी डांबरावर येतात. ते पाहायला निघालेल्या मोटारींच्या चाकांखाली किती जीव चिरडले जातात, हे दुसऱ्या दिवशी सकाळी घाटरस्त्यावरून पायी चालणाऱ्याला कळते. एका बसने जाण्याऐवजी प्रत्येक कुटुंब आपली गाडी घेऊन निघते, ही सवयही त्याला कारणीभूत आहे.

बुटांच्या तळव्याला लागलेला चिखलही निरुपद्रवी नसतो. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभर ५०० हून अधिक उभयचर जातींची संख्या घटवली आणि त्यांतील सुमारे ९० जाती नामशेष केल्या, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. उत्तर पश्चिम घाटातील बेडकांतही या बुरशीचा संसर्ग आढळल्याचे २०१३ मध्ये नोंदवले गेले. येथे अद्याप तसा संहार झालेला नाही. तरीही आंबोलीचा चिखल घेऊन कर्नाळ्यात आणि कर्नाळ्याचा घेऊन माथेरानला जाणारे बूट मध्ये धुऊन कोरडे करणे, हा कोणताही खर्च नसलेला उपाय आहे. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. त्यामुळे डास पळवणारे मलम लावलेल्या हाताने त्याला उचलणे म्हणजे त्याच्या अंगावर औषध चोळण्यासारखेच. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार जगातील सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के असल्याचे त्याआधीच्या वर्षी स्पष्ट झाले होते.

'शैक्षणिक' हा शब्द या क्षेत्रात फार सैलपणे वापरला जातो. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांचे प्रदर्शन न्यायालयाच्या आदेशाने थांबले. २०२५ मध्ये तेथे केंद्राने २१ नाग पकडण्यास परवानगी दिली, तीही शिक्षण आणि परंपरेच्या ज्ञानाचे कारण देऊन. शहरी सहलीतील नाग पकडून दाखवण्याचा खेळ आणि शिराळ्याची परंपरा यांत फरक जरूर आहे. परंतु मडक्यातील नागावर नाक मुरडणाऱ्याने पिशवीतील नागासमोर टाळ्या वाजवू नयेत, एवढी अपेक्षा रास्त ठरावी.

माणसाच्या जिवाचा प्रश्नही आहेच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. बळी पडणारे बहुतांशी शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी. सहलीला जाणारे नव्हेत. त्यामुळे या सहलींमुळे सर्पदंश वाढतात, असा कांगावा करण्याचे कारण नाही. पण एक बाब सहभागींना क्वचितच सांगितली जाते. देशात मिळणारे प्रतिसर्पविष हे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषावर बनवलेले आहे. छायाचित्रकारांचा लाडका चापडा या यादीत नाही. त्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच ओढवत असला तरी त्यावर खास असे औषध उपलब्ध नाही. लक्षणांवर उपचार करीत राहावे लागते. आयोजकाकडे जवळच्या सुसज्ज रुग्णालयाचा पत्ता आणि तेथे पोहोचायला लागणारा वेळ लिहिलेला आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारण्यात संकोच कसला?

ठिकाणाची गुप्तता हा या छंदातील सर्वांत नाजूक विषय. चीनच्या दक्षिण भागातील एका सुंदर पालीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात ती कोठे सापडते हेही छापले गेले आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती जागा अक्षरशः रिकामी केली. २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातून शास्त्रज्ञांनीच हा इशारा दिला. आपल्याकडे मांडूळ या गरीब सापाच्या नावाने चालणारा अंधश्रद्धेचा बाजार सर्वश्रुत आहे. २०१६ ते २०२१ या काळात वृत्तपत्रांतून नोंदल्या गेलेल्या मांडूळ जप्तीच्या १७२ घटनांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या. अशा स्थितीत छायाचित्राबरोबर नकाशावरील खूण प्रसिद्ध करणे म्हणजे तस्कराला पत्ता देणे होय. शास्त्रीय नोंदींची काही संकेतस्थळे दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकतात. समाजमाध्यमांवर अशी सोय नाही, तेथे विवेकच कामी येतो.

असे असूनही सहली बंद कराव्यात, असे म्हणणे आततायीपणाचे ठरेल. नवी मुंबईत बेडकांचा सर्वांत मोठा शत्रू सहलीला येणारा माणूस नाहीच. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून खाजणे, भातखाचरे आणि टेकड्या यांच्या जागी शहर उभे राहिले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि ११६० हेक्टरच्या परिसरावर भराव पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. २०१३ पासून सिडकोच्या नियोजनाखाली आलेला 'नैना'चा पट्टा आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांमुळे पनवेल-उरणमधील शेतजमिनीचे भाव कोठे गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. फ्लेमिंगोंचे शहर म्हणून नवी मुंबई मिरवते. नेरुळच्या तळ्यातील पाणी अडले तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले, कारण गुलाबी पक्षी दुरूनही दिसतो. भातखाचरातील बेडकासाठी कुणी फलक घेऊन उभे राहिल्याचे ऐकिवात नाही. त्याला पाहिलेली माणसेच मुळात थोडी आहेत, आणि ती जी आहेत ती या सहलींतूनच तयार होत आहेत.

म्हणूनच या गटांच्या हाती असलेल्या नोंदींना महत्त्व येते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिका आणि ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अशा नोंदवह्या कंत्राटी संस्थेकडून एका हंगामात उरकून घेतल्या, तर त्यांत वृक्ष आणि पक्षी विपुल, बेडूक नाममात्र असेच होणार. रात्री, भर पावसात, ओढ्याकाठी कोण जाणार? सहलीचे गट मात्र तेथे दर शनिवारी जातात. कोणत्या खाचरात कोणता बेडूक कोणत्या तारखेला ओरडत होता, ही माहिती त्यांच्या भ्रमणध्वनींत पडून असते. ती समितीकडे गेली तर उद्या एखाद्या भरावाला हरकत घेताना कागद हाती असेल. न गेल्यास 'येथे काहीच नव्हते' असे म्हणायला विकासक मोकळा.

आणखी एका वर्गाचा या व्यवहारात समावेश होणे बाकी आहे. कर्नाळा आणि पनवेलच्या डोंगरातील ठाकर आणि कातकरी पाड्यांवरील माणसांना कोणत्या खडकाखाली काय असते, हे शहरी मार्गदर्शकाहून अधिक ठाऊक असते. तमिळनाडूत सापाच्या कातडीची निर्यात थांबल्यावर इरुला जमातीच्या सापपकड्यांची सहकारी संस्था १९७८ मध्ये उभी राहिली आणि प्रतिसर्पविषासाठी लागणारे विष पुरवू लागली. त्यांच्या परंपरागत विद्येला कायदेशीर रोजगार मिळाला. येथे सहलीचे शुल्क शहरातील आयोजकाकडे जाते आणि पाड्याच्या वाट्याला फार तर पिठलं-भाकरीचे पैसे येतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. रात्रीच्या सहलींच्या मार्गदर्शकांनाही प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यायला वनखात्याला नवा कायदा करावा लागणार नाही. गटातील माणसांची संख्या, प्राणी न हाताळण्याची अट आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचा, एवढ्या तीन गोष्टींपासून सुरुवात करता येईल.

बुलफ्रॉगचा विणीचा गोंगाट पहिल्या मोठ्या पावसानंतर मोजक्या रात्रीच चालतो. नोंदवहीसाठी माणसे पाठवायची तर ती जूनमध्येच पाठवावी लागतील. ऑक्टोबरमध्ये पाहणीला गेलेल्या पथकाला तेथे कोरडे खाचर दिसेल, किंवा मुरुमाचा ढीग.